दोन मिलिग्रॅम ते सव्वाशे टन

सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं एक ग्रॅम बी घेऊन दाणे मोजले, तर सरासरी ४६३ भरतात. म्हणजे एका दाण्याचं वजन दोन मिलिग्रॅमच्या जरासं वर, तिळापेक्षाही कमी. दाणा दोन-तीन मिलिमीटरचा, आणि त्याला जोडलेला पातळ पंख सात-आठ मिलिमीटरचा. झाडावरचा शंकू वाळून उकलला की वारा नेईल तिकडे हे बी जातं.

आता दुसरं टोक बघू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक नॅशनल पार्कमध्ये, क्वीट्स नदीच्या खोऱ्यात, याच जातीचं एक झाड मोजलं गेलं आहे. उंची ७५.६ मीटर. छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास ४.५५ मीटर. एकट्या खोडाचं आकारमान ३३७ घनमीटर, लाकडाच्या व्यापाऱ्याच्या भाषेत सुमारे ११,९०० घनफूट. त्यातलं सगळं पाणी काढून टाकलं, तरी निव्वळ कोरडं लाकूड सव्वाशे टनांच्या आसपास भरेल. बियाच्या वजनाशी ताडून पाहिलं, तर ही वाढ जवळपास पावणेसहा हजार कोटी पटींची आहे.

जगात स्प्रूसच्या तीस-पस्तीस जाती आहेत. आपल्या हिमालयातही स्प्रूस वाढते. या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत मोठी होणारी जात म्हणजे सिटका स्प्रूस. अलास्कातल्या सिटका गावावरून तिला हे नाव मिळालं, आणि १९६२ पासून ती अलास्काचा राज्यवृक्ष आहे. तिच्याबद्दलचा जवळजवळ प्रत्येक आकडा डोकं गरगरवणारा आहे. पण त्यातला एकच आकडा असा आहे, जो पैशाने, यंत्राने किंवा हुशारीने कमी करता येत नाही. तो म्हणजे वर्षांचा. बाकीचे आकडे आधी मोजू, म्हणजे या एकाचं मोल नीट कळेल.

हवेचं लाकूड

हे सव्वाशे टन आले कुठून? मातीतून आले असते, तर झाडाभोवती भलामोठा खड्डा पडला असता. मातीतून झाडाला पाणी आणि खनिजं मिळतात, पण लाकडाच्या कोरड्या वजनात खनिजांचा वाटा अगदी नगण्य असतो. कोरड्या लाकडाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो, आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो.

हिशेब करून बघू. सव्वाशे टन लाकूड म्हणजे सुमारे ६२ टन कार्बन. तेवढा कार्बन मिळवायला जवळपास २३० टन कार्बन डायऑक्साइड लागतो. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत त्याचं प्रमाण दर दहा लाख रेणूंमागे २८० होतं, म्हणजे एक घनमीटर हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम. त्या दराने २३० टन जमवायचे, तर ४५ कोटी घनमीटर हवेतला कार्बन डायऑक्साइड शेवटच्या रेणूपर्यंत वेचून घ्यावा लागेल. पाऊण किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा हवेचा ठोकळा डोळ्यांपुढे आणा. एका खोडाची ही किंमत. मुळं, फांद्या आणि गळून गेलेल्या सुया, म्हणजे या झाडाची पानं, यात धरलेल्याच नाहीत.

हवा अशी लाकडात बंद होते याचा पुरावा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. न्यूझीलंडच्या दक्षिणेला, सहाशे किलोमीटरहून दूर, कॅम्पबेल नावाचं वाऱ्याने झोडपलेलं बेट आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी एक सिटका स्प्रूस लावली. बेटावर दुसरं झाड नाही. सर्वांत जवळचं झाड दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, ऑकलंड बेटांवर आहे. शंभर वर्षांत ही स्प्रूस जेमतेम दहा मीटर वाढली. पण तिने जपून ठेवलेली नोंद मोठी आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत उत्तर गोलार्धात उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या आणि हवेतलं कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं. ती हवा पसरत पसरत दक्षिण महासागरापर्यंत पोचली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी या झाडाच्या लाकडाचे बारीक नमुने तपासले, तेव्हा कार्बन-१४चं शिखर १९६५ सालच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत सापडलं. माणसाने पृथ्वी बदलली तो काळ कुठून मोजायचा, या वादात त्यांनी हीच तिमाही सुचवली. माणसाच्या वस्तीपासून इतक्या दूरच्या झाडातही आपली नोंद तिमाहीच्या अचूकतेने उतरली होती.

समुद्राला चिकटलेली पट्टी

या झाडाचं मूळ घर नकाशावर विचित्र दिसतं. अलास्कातल्या कोडियाक बेटापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत सुमारे २,९०० किलोमीटर लांबीची ही पट्टी. रुंदी मात्र जिथे सर्वांत जास्त, तिथेही साधारण २१० किलोमीटर, आणि दक्षिणेकडे तर समुद्रापासून काही किलोमीटरच. कारण या झाडाला समुद्राची हवा लागते. ना कडक उन्हाळा, ना हाडं गोठवणारा हिवाळा, आणि बाराही महिने ओल. अलास्कातल्या लिटल पोर्ट वॉल्टर इथे वर्षाला सुमारे ५,६०० मिलिमीटर पाऊस पडतो. दक्षिणेकडे पाऊस कमी होतो, तिथे उन्हाळ्यातलं धुकं त्याची भरपाई करतं. समुद्राच्या खाऱ्या फवाऱ्याने इतर झाडं होरपळतात, पण ही जात थेट किनाऱ्यावर उभी राहते.

समुद्र तिला खतही पुरवतो. सॅमन मासे वाढतात समुद्रात आणि अंडी घालायला नदीत परततात. तिथे अस्वलं त्यांना पकडून काठावर ओढून नेतात, अर्धवट खातात आणि टाकून देतात. अंडी घालून मेलेले मासेही काठाला लागतात. समुद्रातून आलेला नायट्रोजन जमिनीतल्या नायट्रोजनपासून वेगळा ओळखता येतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अलास्कातल्या चिचागोफ बेटावर तशी मोजणी केली होती. जिथे सॅमन अंडी घालतात, तिथल्या काठच्या झाडाझुडपांच्या पानांतला २२ ते २४ टक्के नायट्रोजन सॅमनकडून आलेला निघाला. म्हणजे या जंगलाचा एक पुरवठादार पोहत येतो आणि अस्वलाच्या तोंडातून झाडापर्यंत पोचतो.

९६ मीटर वर पाणी

कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावरच्या कारमाना खोऱ्यात ‘कारमाना जायंट’ नावाची सिटका स्प्रूस आहे. तिची उंची सुमारे ९६ मीटर. कॅलिफोर्नियात तर याहूनही उंच, शंभरीच्या घरातली झाडं मोजली गेली आहेत. शेंड्यावरच्या प्रत्येक सुईला पाणी लागतं, आणि ते येतं मुळांकडून.

जमिनीवर ठेवलेला पंप विहिरीतून पाणी ओढतो, तेव्हा साधारण दहा मीटरनंतर तो हात टेकतो, कारण हवेचा दाब त्याहून वर पाणी ढकलू शकत नाही. झाड हवेच्या दाबावर अवलंबून नसतं. वर सुयांमधून पाण्याची वाफ होते, आणि एकमेकांना घट्ट धरून असलेले पाण्याचे रेणू खालची सगळी साखळी वर ओढतात. ९६ मीटरच्या या साखळीचं नुसतं वजन पेलायलाच नऊ वातावरणांहून अधिक ताण लागतो. वाटेतला अडथळा वेगळाच.

ही वाट सलग नळीची नाही. स्प्रूसचं लाकूड बहुतांशी एकाच प्रकारच्या पेशींनी बनतं. पेशी लांबट, दोन्ही टोकं बंद. लांबी तीन ते सहा मिलिमीटर, रुंदी साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या चौपट. पाणी वाहून नेणारी प्रत्येक पेशी मेलेली असते. शेजारच्या पेशीत जायला भिंतीत सूक्ष्म खिडक्या असतात. एका पेशीची लांबी चार मिलिमीटर धरली, तर मुळापासून शेंड्यापर्यंत जाणाऱ्या पाण्याला निदान चोवीस हजार पेशी आणि तितक्याच खिडक्या पार कराव्या लागतात. त्याच मापाने क्वीट्सच्या झाडाच्या खोडातल्या पेशींचा ढोबळ हिशेब केला, तर आकडा पन्नास लाख कोटींच्या आसपास येतो. माणसाच्या अख्ख्या शरीरातल्या पेशींचा अंदाज तीस ते सदतीस लाख कोटींचा आहे.

एकाच झाडात एक लाख फरक

स्प्रूसच्या पेशीतली वंशसूत्रंही अशीच लांबलचक. नॉर्वे स्प्रूस या तिच्या युरोपीय बहिणीचा जीनोम २०१३ साली वाचला गेला. त्यात सुमारे दोन हजार कोटी अक्षरं निघाली. माणसाच्या जीनोमच्या जवळपास साडेसहा पट.

पेशी दुभागताना ही अक्षरं पुन्हा लिहिली जातात, आणि लिहिताना चुका होतात. शेकडो वर्षं वाढत राहणाऱ्या झाडात अशा किती चुका साठत असतील? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कारमाना खोऱ्यातल्या वीस जुन्या सिटका स्प्रूसवर याचं उत्तर शोधलं. झाडांची सरासरी उंची ७६ मीटर, वय २२० ते ५०० वर्षं. त्यांनी बुंध्याजवळची साल खरवडून घेतली, शेंड्यापर्यंत चढून सुया खुडल्या आणि दोन्हींचे जनुकीय नमुने ताडून पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार एकाच झाडाच्या बुंध्यात आणि शेंड्यात एक लाखापर्यंत फरक असू शकतात. शंकू वरच्या फांद्यांवर धरतात, म्हणजे हे फरक बियांत उतरतात. पाचशे वर्षांचं झाड पुढच्या पिढीला जे देतं, ते त्याला स्वतःला मिळालेल्यापेक्षा वेगळं असतं. त्यातले काही फरक घातक असतील, काही नव्या किडीला किंवा बदलत्या हवेला तोंड द्यायच्या कामी येतील. हा साठा फक्त वयाने होतो.

विमानांसाठी जंगल

या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी असलेले हैदा आणि ट्लिंगिट लोक या झाडाला हजारो वर्षं ओळखतात. त्याच्या मुळ्या चिरून, सोलून ते इतकी घट्ट वीण घालतात की टोपलीत पाणी टिकतं. राळेचा डिंक, कोवळ्या शेंड्यांचं औषध, आतल्या सालीचं अन्न. एवढं सगळं घेऊनही झाड उभं राहायचं.

पहिल्या महायुद्धात हिशेब बदलला. त्या काळची विमानं म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. पंखाच्या मुख्य तुळईला लाकूड हवं हलकं, मजबूत, लांब आणि बिनगाठीचं. वजनाच्या मानाने ताकद बघितली, तर सिटका स्प्रूसला तोड नव्हती. अमेरिका युद्धात उतरली आणि १९१७च्या नोव्हेंबरात सैन्याने खास ‘स्प्रूस प्रॉडक्शन डिव्हिजन’ उभारली. ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या जंगलांत जवळपास तीस हजार सैनिक बंदुकीऐवजी करवत आणि कुऱ्हाड घेऊन उतरले. जंगलात नवे लोहमार्ग टाकले गेले. वॉशिंग्टनमधल्या व्हँकूव्हर शहरात भली मोठी लाकूड गिरणी १९१८च्या फेब्रुवारीत सुरू झाली.

युद्ध संपेपर्यंत या तुकडीच्या खात्यावर सुमारे १४ कोटी ३० लाख बोर्ड फूट स्प्रूस जमा झालं. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी. अशा बारा फळ्यांचा एक घनफूट होतो. म्हणजे एकूण १ कोटी १९ लाख घनफूट. क्वीट्सचं खोड ११,९०० घनफुटांचं. भागाकार केला, तर उत्तर येतं एक हजार. आज जगात ज्या झाडाचं नाव आदराने घेतलं जातं, तशा एक हजार झाडांइतकं लाकूड एका वर्षात निघालं. हे माप कापून तयार झालेल्या लाकडाचं आहे. खोडाचा बराचसा भाग विमानाच्या कामाचा नसतो, त्यामुळे जंगलातून प्रत्यक्षात गेलेलं लाकूड याहून कितीतरी जास्त होतं. ऑलिंपिक द्वीपकल्पावरचा एक लोहमार्ग तर युद्धविरामानंतर पूर्ण झाला आणि त्यावरून युद्धासाठी एकही ओंडका गेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच लाकूड लागलं. ब्रिटनचं ‘मॉस्किटो’ विमान बर्चच्या प्लायवुडचं, बाल्साचं आणि सिटका स्प्रूसचं होतं. अशी ७,७८१ विमानं बनली.

गिटारवरच्या रेघा

हेच लाकूड आपल्या हाताशीही असतं. पुण्या-मुंबईतल्या वाद्यांच्या दुकानात चांगली अकूस्टिक गिटार बघायला गेलात, तर ‘सॉलिड सिटका स्प्रूस टॉप’ असे शब्द ऐकू येतील. ती वरची फिकट फळी उजेडात धरून नीट बघा. तारांच्या दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतील. दोन गडद रेघांमधला फिकट पट्टा म्हणजे वसंतातली भरभर वाढ. गडद रेघ म्हणजे उन्हाळा सरतानाची संथ, दाट वाढ. दोन्ही मिळून एक वर्ष.

चांगल्या फळीत एका इंचात बारा ते वीस रेघा असतात. गिटारची वरची बाजू एकाच ओंडक्यातून काढलेल्या दोन जुळ्या पातळ फळ्या मधोमध जोडून करतात, आणि प्रत्येक फळी साधारण वीस सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे मधल्या जोडापासून कडेपर्यंत रेघा मोजत गेलात, तर शंभर ते दीडशे वर्षं भरतात. झाडाचा गाभा आणि बाहेरचं कोवळं लाकूड वगळून, मधल्या सरळ भागातून ही फळी काढलेली असते. म्हणून मूळ झाड त्याहून बरंच जुनं असावं लागतं. तीन मिलिमीटर जाडीची ही फळी पोलादी तारांचा एकूण सत्तर-ऐंशी किलोचा ताण सोसते. धाग्याच्या दिशेने तिच्यातून आवाज सेकंदाला पाच हजार मीटरहून जास्त वेगाने धावतो, हवेतल्या वेगाच्या जवळपास पंधरा पट. पियानोच्या आतल्या मोठ्या नादफळीलाही म्हणूनच हे लाकूड लागतं.

चाळीस वर्षं आणि चारशे वर्षं

मग लावा ना आणखी झाडं, असं कुणीही म्हणेल. लावली आहेत, आणि अफाट लावली आहेत. डेव्हिड डग्लस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ साली सिटका स्प्रूसचं बी ब्रिटनला पाठवलं. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई भासली, म्हणून १९१९ साली तिथे वन आयोग स्थापन झाला, आणि ओल्या, नापीक डोंगरांवर ही जात जोमाने रुजली. आज ब्रिटनमधल्या सूचिपर्णी वनांचं जवळपास निम्मं क्षेत्र एकट्या सिटका स्प्रूसखाली आहे. आयर्लंडमध्येही तीच सर्वांत जास्त लावलेली जात. आइसलँडमध्ये १९४९ साली लावलेल्या एका झाडाने २०२२ साली ३० मीटरची उंची ओलांडली. झाडं नसलेला देश म्हणून ज्याची ख्याती, तिथलं हे सर्वांत उंच झाड.

या लागवडीचा वेग थक्क करणारा आहे. ब्रिटनमध्ये एक हेक्टर सिटका स्प्रूस वर्षाला सरासरी चौदा घनमीटर लाकूड देते. म्हणजे क्वीट्सच्या खोडाइतकं ३३७ घनमीटर लाकूड एका हेक्टरात चोवीस वर्षांत तयार होतं. पस्तीस-चाळीस वर्षांत झाडं तोडून घरांचे सांगाडे, पॅलेट, बोर्ड आणि कागद बनतो. ही फार मोलाची गोष्ट आहे. या लाकडाने किती तरी जुन्या जंगलांवरचा ताण हलका केला.

पण इथेच गणित अडतं. लागवडीतल्या झाडाचं एकेक वलय पाच मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतं. वीस सेंटिमीटरमध्ये जेमतेम चाळीस वर्षं बसतात. जुन्या जंगलात तेच झाड थोरांच्या सावलीत, कमी उजेडात दशकानुदशकं थांबतं, हळूहळू वर येतं, आणि म्हणून त्याचं लाकूड दाट आणि एकसारखं होतं. तेच बी, तीच जात. घनमीटर भरून काढता येतात, वर्षं भरून काढता येत नाहीत.

तोडणाऱ्याला मात्र वर्षं लागत नाहीत. कॅनडातल्या हैदा ग्वाय बेटांवर, याकून नदीच्या काठी किड्क्यास नावाची सोनेरी सिटका स्प्रूस होती. जनुकातल्या एका बदलामुळे उन्हातल्या सुयांत हरितद्रव्य टिकत नव्हतं आणि सगळं झाड सोन्यासारखं दिसायचं. वय तीनशेहून जास्त, उंची पन्नास मीटर. हैदांना ते पवित्र होतं. १९९७च्या जानेवारीत वृक्षतोडीचा निषेध करायचा म्हणून एका माणसाने एका रात्रीत साखळी करवतीने त्याचा बुंधा इतका चिरून ठेवला की एक-दोन दिवसांत ते वाऱ्याने कोसळलं. हैदांच्या संमतीने त्याच्या लाकडाची एक फळी २००६ साली कॅनडात बनलेल्या एका गिटारवर लागली. तीनशे वर्षांतलं जे वाचवता आलं, ते वाचवलं.

म्हणून मला वाटतं, या जातीची दोन खाती कायम वेगळी ठेवायला हवीत. चाळीस वर्षांच्या खात्यातून खुशाल खर्च करावा, तोडावं आणि पुन्हा लावावं. चारशे वर्षांच्या खात्याला हात लावताना मात्र प्रत्येक वेळी विचारलं गेलं पाहिजे, की हे काम तरुण लाकडाने भागणार नाही का? बहुतेक वेळा भागतं. वाद्यांसाठी भागत नसेल, तर वादळाने पडलेले जुने ओंडके आहेत, दोनाऐवजी चार तुकडे जोडून केलेल्या फळ्या आहेत. हा प्रश्न गिटार घेणाऱ्यानेही दुकानात विचारावा. ग्रीनपीस आणि मोठमोठ्या गिटार कंपन्या या प्रश्नावर एकत्र बसल्या, त्या हा माल संपू शकतो हे दिसल्यावरच.

हिशेब अगदी साधा आहे. २४५० साली कुणाला पाचशे वर्षांची सिटका स्प्रूस हवी असेल, तर ती आज पंच्याहत्तर वर्षांची असली पाहिजे, आणि पुढची सव्वाचारशे वर्षं, सतरा-अठरा पिढ्या, एकाही पिढीने ती तोडायचं ठरवता कामा नये.